त्याच्या वाटचं काम

"ही कात्री आता तुझी," असं म्हणून मास्टरने ती बायकोच्या हातात ठेवली, आणि चक्क हसला!

किती महिन्यांनी हसला होता तो! आज आपणहून दाढी केली होती, धुतलेला शर्ट घातला होता... तिला वाटलं, सुटलो एकदाचे! पण कात्री? जिला तो कुणाला बोट लावू देत नसे, ती?

"हे काय नवीनच?"

"काल वकीलसाहेब कोट घालून आले होते. म्हणाले, मास्टर, असा कोट तुम्ही आजवर शिवला नव्हता!" तो अगदी शांतपणे बोलत होता. "तूच शिवला होतास ना? छान झालाय. मी नसलो तरी दुकान चालेल. आता काळजी मिटली."

तिच्या पायाखालची जमीनच सरकली!

तो मशीनसमोर नुसता बसून राहू लागला, तेव्हा काजं-बटणं करणाऱ्या या बाईने त्याचं कापणं, शिवणं सगळं अंगावर घेतलं होतं. गिऱ्हाइकांना सांगायची, मास्टरांची पाठ धरलीय. थोरल्या दिराने डॉक्टरचं नाव काढलं, तेव्हा तर "दादा, माझ्या नवऱ्याला वेडा ठरवू नका!" म्हणून त्यांना दार दाखवलं होतं. त्याची अब्रू झाकायची, एवढंच तिला कळत होतं... आणि झाकता झाकता तिने त्याला सांगून टाकलं होतं की तुमच्यावाचून काही अडत नाही! अरे देवा, हे काय करून बसलो आपण!

"अहो, माझ्याकडे बघा. जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का तुमच्या?"

त्याचं हसू मावळलं.

"रोज येतं मनात," तो म्हणाला.

त्याचा हात घट्ट धरूनच तिने दुसऱ्या हाताने दिराला फोन लावला. "दादा, चुकलं माझं... लगेच या!"

दादा घरातल्या कपड्यांतच धावत आले. मागचं एक अक्षर त्यांनी काढलं नाही. "ते सगळं नंतर भांडू. आधी याला उठव," एवढंच म्हणाले, आणि धाकट्या भावाच्या पायात स्वतःच्या हाताने चपला सरकवल्या. तिला हुंदका आवरेना.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "हे नैराश्य आहे. आजार आहे, आळस नव्हे. औषधाला वेळ लागेल, पण गुण येतो. तोवर यांना एकटं सोडायचं नाही." मग त्या मास्टरकडे वळल्या. "झोप लागते का?"

"कुठली हो! पहाटेपासून टक्क जागे असतात, जेवणसुद्धा..."

"त्यांना बोलू द्या."

ती गप्प झाली. ओठ दाताखाली धरून बसली. त्याच्या वतीने उत्तर द्यायला तिची जीभ नुसती वळवळत होती... त्या गप्प बसण्यापेक्षा दहा कोट शिवणं सोपं होतं!

"मला..." त्याच्या तोंडून शब्द फुटला. "उजाडलं की भीती वाटते. रोज. लहान होतो तेव्हापासून."

दादा थिजल्यासारखे भावाकडे पाहत राहिले. ती तर त्याच्या शेजारी इतकी वर्षं उठत आली होती... तिला हे माहीतच नव्हतं!

"सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि तो सांगू लागला.