चार नंबरचा टँकर

गाडीच्या अलार्मचा सेन्सर कमी करून द्या म्हणताय? नाही, साहेब. बाकी काहीही सांगा, सायरन बदलून देतो, वायर नवीन ओढतो. गाडीला मांजर घासलं तरी वाजतं, शेजारी बेजार झालेत, सगळं मान्य. पण सेन्सर कमी-जास्त करायचा तो स्क्रू मी खाली फिरवत नाही. बसा, पाणी घ्या. बारा वाजायला अजून वेळ आहे.

मला फार बोलता येत नाही. आठवीतच शाळा सुटली, मग गुलमंडीच्या मागे एका गॅरेजात वायरिंग शिकलो. तेव्हाही मालक म्हणायचे, सोमनाथच्या हाताला अक्कल आहे, तोंडाला नाही. त्या तोंडापायीच हे सगळं घडलं.

ते दुष्काळाचं साल होतं. हर्सूलचा तलाव आटून त्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या, आणि शहर मात्र फुलंब्रीच्या दिशेनं वाढतच होतं. नव्या कॉलन्यांत इमारती उभ्या राहिल्या, नळ होते, नळाला पाणी नव्हतं. सगळी भिस्त टँकरवर. कारभारीशेठचे सात टँकर होते. ड्रायव्हर जेवायला बसला की लोक मागचा कॉक उघडून पाणी चोरायचे, म्हणून त्यांना अलार्म हवा होता. आधी चार नंबरच्या टँकरला बसवायचा, जमला तर बाकीचे सहाही माझेच. त्या कामावर मला स्वतःचं दुकान टाकता येणार होतं. घरी आईला सांगूनही बसलो होतो.

त्यांचं आवार वस्तीच्या बाहेर, माळावर होतं. एक लिंबाचं झाड, एक पत्र्याची खोली, बाकी नुसतं ऊन. मी तीन-चार सेन्सर पिशवीतून काढून दाखवले.

"हे गाडी कलली की वाजतं, शेठ. इथं कामाचं नाय. पाणी हिंदकळलं तरी बोंबलंल."

"मग कामाचं कोणतं?"

"हे. धक्क्याचं. टाकीला हात लागला की वाजतं. एक कॉकला बसवू, एक वर झाकणाला."

"लेका, इतकं बोलतूस व्हय तू? मला वाटलं, तोंडात गुळणी धरून जन्माला आलास." शेठ हसले. काटकुळे, पांढरेशुभ्र कपडे, हसताना डोळे हसायचे नाहीत.

टाकी आतून घासायला आवडाबाई यायच्या. झाकणाचं तोंड अरुंद, आणि बाई काडीसारखी, म्हणून ते काम त्यांच्याकडे. चपला शिडीच्या पायथ्याशी काढायच्या आणि ब्रश घेऊन आत उतरायच्या. त्या दिवशी उतरण्याआधी माझ्याजवळ थांबल्या.

"पोरा, मी आत असताना कुणी झाकण लावलं, तर हे वाजंल का रं?"

"वाजंल की, मावशी. आतून नुसतं टकटक केलं तरी."

"खरं सांगतूस? आत लई भ्या वाटतंय मला. अंधार, अन् सोताचाच आवाज घुमतोय."

"तीनदा ठोका, मावशी. मी येतो."

"तीनदा," त्या म्हणाल्या आणि हसत शिडी चढल्या.

मी केबिनखाली सायरन जोडत होतो. बाराच्या सुमारास वरून शेठचा आवाज आला. टाकीच्या तळाला उरलेलं गढूळ पाणी बाईंनी कळशीत भरलं होतं, घरी न्यायला. शेठनी ते पाहिलं. मग झाकण आदळल्याचा आवाज झाला, आणि कडी.

शेठ शिडी उतरून खाली आले, हात झटकले. "घटकाभर राहू दे आत. पाणी पाहिजे ना तिला? अद्दल घडंल."

मी खाली मान घालून वायर जोडत राहिलो. शेठ थट्टा करतात, आत्ता उघडतील, असं मनात म्हटलं.

तेवढ्यात सायरन वाजला. आतून टकटकटक. बंद झाला. पुन्हा तीनदा, पुन्हा सायरन. माळावर तो आवाज असा घुमत होता की लिंबावरचे कावळे उडाले.

"कमी कर ते," शेठ म्हणाले. "डोकं उठलं माझं."

"शेठ... आत मावशी..."

"तुला अलार्म बसवायला बोलावलाय का पंचायत करायला? सात टँकर पायजेत ना?"

शिडीपाशी मावशींच्या चपला होत्या. एकीचा अंगठा सुतळीनं बांधलेला. मी त्या पाहिल्या. मग सेन्सरच्या डब्यापाशी गेलो आणि स्क्रू खाली फिरवला. थोडा. सायरन थांबला नाही. अजून फिरवला. कानाला ऐकू येत होतं, आतून तीन, मग तीन, मग जोरात, हाताच्या तळव्यांनी. पण सायरन गप्प झाला.

"शाब्बास," शेठ म्हणाले. "आता जा. उद्यापासून बाकीचे."

आणि मी गेलो, साहेब. हत्यारं गोळा केली आणि गेलो. फाटकापर्यंत मला ऐकू येत होतं.

शेठ जेवले, झोपले आणि विसरले, हे मला नंतर ड्रायव्हरकडून कळलं. झाकण उघडलं तेव्हा दिवस कलला होता. बाईंना लिंबाखाली आणून निजवलं, उशाला कळशी ठेवली. उन्हानं गेली म्हणाले. त्या साली उन्हानं पुष्कळ माणसं जात होती, कोणी काही विचारलं नाही. मलाही नाही. आणि मी कुणाला सांगितलं नाही.

बाकीच्या टँकरांसाठी मी तिकडे फिरकलोच नाही, तर आठ दिवसांनी शेठचा निरोप आला. चार नंबर रोज बारा वाजता वाजतोय, कॉलनीवाले शिव्या देतायत, ड्रायव्हर गाडी सोडून पळालाय. ये आणि बंद कर.

मी गेलो. गाडी आवारातच उभी होती, टाकी रिकामी. डबा उघडला. स्क्रू मी ठेवला होता तसाच, पार खाली. इतक्या खाली की घणानं मारलं तरी वाजू नये. बारा वाजले आणि सायरन वाजला. मी वायर काढली. सायरन थांबला.

मग त्या शांततेत आतून आलं... टक. टक. टक.

मी टाकीपासून मागे सरकलो.

"पत्रा हाय तो," शेठ म्हणाले. "तापला की वाजतोय." पण त्यांच्या कपाळावर घाम होता. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं, आणि त्याचाच राग आला त्यांना. "भ्याला का? थांब. मी आत उतरतो. तू ते पार वर कर. मी आतून ठोकतो, मग कळंल तुला, बाईबी नाय अन् भूतबी नाय."

बूट शिडीपाशी काढून ते वर चढले, टॉर्च घेऊन आत उतरले. मी वायर जोडली, स्क्रू पूर्ण वर केला. नख लावून पाहिलं, सायरन किंचाळला. मग हात काढून उभा राहिलो.

काहीच आलं नाही.

"शेठ, ठोका!"

काहीच नाही. टाकीला कान लावला, तरी सायरन वाजला नाही. मेमधली भर दुपार, हात भाजावा असा तो पत्रा, आणि माझ्या गालाला तो गार लागला. काठोकाठ भरलेल्या माठासारखा गार.

मी शिडी चढलो. झाकण बंद होतं. त्याचा आवाज झाला नव्हता. कडी लागलेली होती. दोन्ही हातांनी ओढली, हलेना. शिडीवरून उडी टाकली आणि रस्त्याकडे पळालो. बांधकामावरचे दोन गवंडी सापडले. त्यांना घेऊन परत आलो तेव्हा पाच मिनिटंही झाली नसतील.

"काय राव, झाकण तर उघडं हाय," वर चढलेला गवंडी म्हणाला. मग आत वाकला, आणि तसाच मागे सरकला.

शेठच्या दोन्ही मुठी फुटल्या होत्या. आतल्या पत्र्यावर सगळीकडे रक्ताचे ठसे होते, झाकणापर्यंत. इतकं ठोकलं होतं माणसानं. आणि नखाच्या स्पर्शानं किंचाळणारा माझा सेन्सर एकदाही वाजला नव्हता.

शेठचं प्रेत खाली उतरवलं. शिडीच्या पायथ्याशी त्यांचे बूट होते. आणि त्यांच्या शेजारी ओल्या पायांचे दोन ठसे, लहान, बाईचे. आमच्या डोळ्यांदेखत उन्हानं सुकून गेले.

तर, साहेब, म्हणून मी स्क्रूला हात लावत नाही. दुकान टाकलं शेवटी, उशिरा, दुसरीकडे. इथं उभी असलेली कोणतीही गाडी बारा वाजता तीनदा वाजते. मी जाऊन तिच्या पत्र्यावर तीनदा ठोकतो. म्हणतो, व्हय मावशी, ऐकतोय. मग थांबते. इतकी वर्षं असंच चाललंय. मला वाटलं होतं, मावशीनं मला एवढ्यावर सोडलं.

पण काल तुमच्याच गाडीत बसून मी सेन्सर तपासत होतो. दार ओढून घेतलं, काच वर होती. मीच पूर्ण वर ठेवलेला सेन्सर. आतून तीनदा ठोकलं.

वाजला नाही.

पुन्हा ठोकलं, जोरात. वाजला नाही. बाहेर रस्त्यावर माणसं जात होती, एकानंही मान वळवली नाही. दार आतून उघडेना, फार वेळ लागला... बाहेर आलो, डबा उघडून पाहिला.

स्क्रू पार खाली फिरवलेला होता.