डावीकडे ओढणारी दांडी

त्यांचं खरं नाव गल्लीत कुणालाच आठवत नसे. सगळे त्यांना दांडीमास्तर म्हणत, आणि गंमत अशी, की या माणसाने आयुष्यात कामाला एकदाही दांडी मारली नव्हती. टीव्हीला जोडून चालणारे, कीबोर्डच्या पोटातच सगळा संसार असलेले ते जुने घरगुती कॉम्प्युटर आठवतात? त्यांचे जॉयस्टिक, म्हणजे खेळ खेळायच्या त्या दांड्या, दुरुस्त करणं हा मास्तरांचा धंदा. असे कॉम्प्युटर आता उरलेत किती! पण ज्यांच्याकडे उरलेत ते त्यांना तळहाताच्या फोडासारखं जपतात, त्यामुळे मास्तरांचं बरं चाललं होतं.

दुकान म्हणजे एकच खोली. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले जॉयस्टिक, टेबलावर तपासणीचा कॉम्प्युटर आणि वर एक दिवा. शेजारी वेल्डरचं वर्कशॉप होतं. तिथे काम सुरू झालं की मास्तरांचा दिवा मंद व्हायचा, आणि कधी कधी कॉम्प्युटर जागच्या जागी मान टाकायचा. वीज गेली की या यंत्रांच्या डोक्यातलं सगळं पुसलं जातं. मग मास्तर वेल्डरच्या नावाने बोटं मोडत आणि तपासणीचा प्रोग्राम कॅसेटवरून पुन्हा भरत बसत.

एका दुपारी शिलाईकाम करणाऱ्या एक ताई आल्या. पिशवीतून त्यांनी कापडात गुंडाळलेला जॉयस्टिक काढला. काळा, जुना, दांडीची मूठ हात लागून लागून गुळगुळीत झालेली.

"याचं बटण अडकतंय, मास्तर. तेवढंच करा. बाकी कशाला हात लावू नका."

"बाकी म्हणजे?"

"दांडीला. ती जशी आहे तशीच राहू दे. माझ्या दादाची आहे."

"अरे वा. दादा अजून खेळतात?"

ताई घुटमळल्या. "दादा अंथरुणाला खिळलाय. बोलत नाही, हलत नाही, नुसते डोळे उघडे. संध्याकाळी न्यायला येते. हे नसलं की त्याला फार…" पुढचं सांगितलं तर मास्तर हसतील, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मास्तरांनी मान डोलावली. मान डोलावणं आणि ऐकणं यांत मात्र त्यांच्या बाबतीत बरंच अंतर असे.

बटणाचं काम चुटकीसरशी झालं. मग सवयीप्रमाणे त्यांनी जॉयस्टिक तपासणीच्या कॉम्प्युटरला जोडला. काळ्या पडद्यावर एक पांढरा चौकोन उभा राहिला. दांडी कलवावी तिकडे तो जातो, सोडली की मध्यावर परत येतो. एवढाच तो प्रोग्राम. मास्तरांनी दांडी सोडून दिली आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा डोळ्यांवर चढवून बघतात तर चौकोन डावीकडे निघालेला.

"डावीकडे ओढतोय होय लेका," मास्तर म्हणाले.

त्यांनी खालचे स्क्रू काढले. आत चारी दिशांच्या पितळी पट्ट्या असतात. दांडी कलली की त्या दिशेच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि चौकोन हलतो. डावीकडच्या पट्ट्या मास्तरांनी दिव्याखाली धरून पाहिल्या. दोघींमधून बोट जाईल एवढी फट होती. तरीही चौकोन डावीकडेच.

इथे दुसरा कुणी असता तर ताईंचं म्हणणं आठवून गप्प बसला असता. पण सदोष वस्तू तशीच परत द्यायची म्हणजे मास्तरांना अन्न गोड लागत नसे. त्यांनी पक्कड उचलली. उचलताक्षणी चौकोन सणकन डाव्या कडेला गेला. मध्यावर आला. पुन्हा डावीकडे. पुन्हा. कॉम्प्युटरमधून टूं… टूं… असा आवाज येऊ लागला. बटण दाबलं की येतो तो. बटणाला कुणाचाच हात नव्हता.

"थांब की जरा. दुखणार नाहीये," मास्तर हसून म्हणाले आणि त्यांनी सगळ्या पट्ट्या उपटून काढल्या.

आवाज बंद झाला. दुकानात औषधांचा आणि फार दिवस न उघडलेल्या खोलीचा वास पसरला. कापडाचा असेल, असं म्हणून मास्तरांनी नव्या पट्ट्या बसवल्या. आता चौकोन बरोबर मध्यावर, अगदी गुणी बाळासारखा.

संध्याकाळी ताई आल्या तेव्हा मास्तर खुशीत होते. "डावीकडे ओढत होता. तेही काढून टाकलं. नवाकोरा झालाय बघा."

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी जॉयस्टिक उचलला आणि त्या जवळजवळ धावतच गेल्या.

थोड्याच वेळात ताईंचा फोन आला. "मास्तर, या हो… लवकर या."

मास्तर अवजारांची पेटी आणि काढलेल्या जुन्या पट्ट्या घेऊन गेले. घर दोन गल्ल्या सोडून होतं. आतल्या खोलीत तोच वास. पलंगावर दादा, त्यांच्या निर्जीव तळव्याखाली जॉयस्टिक, आणि समोरच्या जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर मध्यावर खिळलेला चौकोन.

"डॉक्टर म्हणतात, या हाताला काही कळत नाही," ताई म्हणाल्या. "हात हलतही नाही. पण चौकोन हलायचा, मास्तर. उजवीकडे म्हणजे हो. डावीकडे म्हणजे नाही. मला हाक मारायची असली की बटण वाजवायचा. इतकी वर्षं असंच बोललोय आम्ही. आता बघा ना, डोळे बघा त्याचे. दुपारपर्यंत आत माणूस होता."

मास्तरांना डावीकडे धावणारा तो चौकोन आठवला. नाही. नाही. नाही. दुपारभर तो माणूस आपल्याला हेच सांगत होता, आणि आपण हसत होतो.

त्यांनी नव्या पट्ट्या काढून जुन्या पुन्हा बसवल्या. चौकोन जागचा हलला नाही. दादांचा श्वास संथ चालू होता आणि डोळे छताकडे लागले होते. "काहीतरी करा ना," ताई म्हणत होत्या. मास्तरांना करता येण्यासारखं काही उरलं नव्हतं. "बघतो… दुकानात काही मिळतंय का," असं पुटपुटत ते बाहेर पडले.

दुकानात कॉम्प्युटर चालूच राहिला होता. त्याला कुठलाच जॉयस्टिक जोडलेला नव्हता. आणि पडद्यावर चौकोन हळूहळू फिरत होता. वर, खाली, कडेकडेने, अंधारात भिंत चाचपावी तसा.

मास्तरांनी दारातूनच हाक मारली.

"दादा…?"

चौकोन थबकला. मग उजवीकडे गेला.

"घरी जायचंय?"

उजवीकडे. उजवीकडे. उजवीकडे.

कॉम्प्युटर उचलून ताईंकडे न्यावा, हे त्यांच्या मनात आलं. पण न्यायचा म्हणजे आधी वीज बंद करायला हवी. त्यांनी वायरकडे हात नेला. "काढू…?"

चौकोन डाव्या कडेला जाऊन आदळला आणि तिथेच थरथरत राहिला. मास्तरांनी चटका बसावा तसा हात मागे घेतला.

त्यांनी ताईंना फोन लावला. "ताई, दादा इथे आहेत. माझ्या यंत्रात. तुम्ही या, आपण काहीतरी…" एवढं बोलतात तोच शेजारचं शटर वर गेल्याचा आवाज आला. फोन तसाच हातात धरून त्यांनी भिंतीवर मूठ आपटली. "अहो! आज नको! आज सुरू करू नका हो!"

पलीकडे वेल्डिंगचा चरचराट झाला. डोक्यावरचा दिवा मंद झाला, पडदा मिटला आणि पुन्हा उजळला. चौकोन नव्हता. कोऱ्या पडद्याच्या कोपऱ्यात नुसता कर्सर लुकलुकत होता.

"मास्तर?" फोनवर ताईंचा आवाज आला. "ऐकताय ना? दादा परत येईल ना हो?"

एवढ्यात मास्तरांच्या पाठीमागे कट् असा बारीक आवाज झाला. मग दुसरा. मग भिंतभर तेच. ते वळले.

खिळ्यांना टांगलेल्या सगळ्या जॉयस्टिकच्या दांड्या, हात न लावता, डावीकडे कलल्या होत्या.