तिन्हीसांजेला न घ्यायचं नाव

लालबागच्या मिरचीच्या गोदामात साप निघाला, तेव्हा हमालांपासून शेठपर्यंत सगळे रस्त्यावर आले. आत उरले दोघंच. साप धरायला आलेला रघु, आणि कोणी न बोलावता आत शिरलेली मनवा. तिच्या हातात मोबाइल होता आणि डोळ्यांतून मिरचीनं पाण्याच्या धारा वाहत होत्या.

"जरा त्याचं तोंड उजेडाकडे कराल का?" तिनं विचारलं.

"मॅडम, साखरपुड्याचे फोटो काढताय का?"

"धामण आहे ना ही?"

"धामणच. पण नाग असता तरी तुम्ही एवढ्याच जवळून काढला असता, असं वाटतंय."

"तुम्ही असाच धरून ठेवला असतात तर… काढला असता."

रघुनं मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. एक फोटो हलला म्हणून ती हळहळत होती. मग ती शिंकली, पाठोपाठ तोही शिंकला. धामण तेवढी शांत होती.

बाहेर चहा घेताना मनवानं खुलासा केला. ती राहायला दादरला, ऑफिस गोदामाच्या वरच्याच मजल्यावर. तिथे ती आणि तिचे सहकारी एक यंत्र बनवत होते. शेताच्या बांधावर आणि पडवीत लावायची पेटी. काही सरपटलं की सेन्सर जागा होतो, कॅमेरा फोटो काढतो, पेटी तो ओळखते आणि विषारी साप असला तर मोठ्यानं बोलून घरच्यांना सावध करते. तळकोकणातल्या एका गावात बारा घरी पेट्या लावून झाल्या होत्या. पंचाईत एवढीच, की पेटीला अजून धामण आणि पाण्याचा पाइप यांतला फरक धड कळत नव्हता. तिला शिकवायला हजारो फोटो हवे होते, आणि त्यांवर अचूक नावं लिहिणारा माणूस.

"मी लिहीन की," रघु म्हणाला. तो परळच्या एका हॉस्पिटलात इलेक्ट्रिशियन होता, घर घोडपदेवच्या चाळीत. "ड्युटी संपली की साडेसहाला येतो. चालेल?"

चालेल काय, धावलं. रोज संध्याकाळी दोघं शेजारी बसून फोटो बघू लागले. रघु बोट ठेवायचा, "हे फुरसं… ही घोणस… हे जनावर नाय, कुळथाचा वेल आहे, मॅडम, त्याला कशाला बदनाम करता?" मनवा हसायची आणि वेल खोडायची. तो येण्याआधी ती केस नीट करायला लागली होती, आणि त्याला आल्याचा चहा आवडतो म्हणून स्वतःही गुपचूप आल्याचा पिऊ लागली होती. तो आपल्याला आवडतो, हे तिनं पंधरा दिवसांत स्वतःशी कबूल करून टाकलं. त्याचं काय, ते मात्र कळत नव्हतं. तिनं दोनदा बजावूनही तो 'मॅडम' सोडायला तयार नव्हता.

"मनवा म्हण ना रे."

"सवय नाय," म्हणून तो स्क्रीनकडे बघायचा. कान मात्र लाल व्हायचे.

असं सगळं गोडीगुलाबीनं चाललेलं असताना पेट्यांनी दगा दिला. बारापैकी नऊ पेट्या रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला बंद पडू लागल्या आणि सकाळी आपोआप चालू. मनवानं बॅटऱ्या बदलायला लावल्या, वायरी बदलायला लावल्या. फरक शून्य. सापांची भीती असते ती नेमकी त्याच वेळी. दहा दिवसांवर भातकापणी आली होती. ऑफिसच्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, कापणीआधी पेट्या चालल्या नाहीत तर प्रयोग बंद, आणि तुला हैदराबादच्या कामावर जावं लागेल.

तिनं हे रघुला सांगितलं. त्यानं टेबलावरची पेटी उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाला, "एक पेटी घेऊन घरी चला माझ्या. वायरिंग उघडून बघतो."

घोडपदेवच्या त्या खोलीत रघुच्या आईनं तिला चहा दिला, बांगड्याच्या कालवणाचा आग्रह केला आणि देवापुढे दिवा लावला. तेवढ्यात रघुनं पेटीचं बटण दाबलं. मनवाचाच स्वच्छ, शुद्ध आवाज खोलीभर घुमला, "सावधान. आपल्या परिसरात साप आढळला आहे."

आई तरातरा आली आणि तिनं पेटी बंद करून टाकली.

"गो चेडवा, तिन्हीसांजेक त्याचा नाव घेव नको. जनावर म्हण, लांबडा म्हण. नाव घेतला काय ता येता."

मनवानं रघुकडे पाहिलं, रघुनं पेटीकडे.

"पेटी बिघडलेलीच नाही," मनवा सावकाश म्हणाली. "दिवेलागणीला लोक स्वतःच्या हातानं बंद करतायत. आणि तू… तूसुद्धा रोज संध्याकाळी 'जनावर'च म्हणतोस. महिनाभर ऐकतेय मी!"

रघुनं कपाळाला हात लावला. "लहानपणापासूनची सवय. ध्यानातच नाय आलं माझ्या."

दुसऱ्या दिवशी आईला लालबागला आणलं. ती माइकसमोर पदर सावरून बसली आणि शेजाऱ्याला हाक मारावी तशी बोलली, "अरे थांबा, थांबा! लांबडा इला हा. बत्ती घेवा आणि पाय सांभाळा." तो आवाज इथूनच बाराही पेट्यांत गेला, आणि पेटी आता आपल्या आईच्या आवाजात, नाव न घेता बोलेल, असं रघुनं घरोघरी फोन करून कळवलं. त्या संध्याकाळी सातला मनवा स्क्रीनसमोर बसून राहिली. एकही पेटी बंद झाली नाही.

कापणीच्या आदल्या दिवशी दोघं ऑफिसखाली चहाला उभे होते. दिवे नुकतेच लागले होते. मनवाचा फोन वाजला आणि पडद्यावर फोटो आला. पडवीत जुन्या पेंढ्याचा भारा, त्याच्याशी वेटोळं घातलेली घोणस आणि दोन पावलांवर एक अनवाणी पाय. मनवानं रघुची बाही घट्ट धरली. पाच मिनिटं दोघांचे डोळे पडद्यावरच होते. चहा तसाच राहिला.

मग फोन आला. त्या पडवीची मालकीण, लक्ष्मीकाकी. "पेंढो काढूक वाकतलंय इतक्यात पेटी बोलली. पाय तसोच मागे घेतलंय. रघु, तुझ्या आवशीन वाचयल्यान रे माका."

फोन बंद झाला तरी मनवाच्या हातातली बाही सुटली नव्हती. तिचे डोळे भरून आले होते आणि या वेळी आसपास मिरची नव्हती.

"आता हैदराबाद नाही ना?" रघुनं विचारलं.

"नाही."

"मग… एक बोलायचं होतं. महिना झाला, बोलायचंय." तो थांबला. "जाऊ दे. तिन्हीसांज झाली."

"तिचा काय संबंध?"

"आई काय म्हणते, ऐकलंत ना? नाव घेतलं की येतं."

मनवा हसली नाही. तिनं बाही सोडली, एक पाऊल मागे सरली आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "मग घेऊन बघ."

रघुचे कान लाल झाले. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला, हात पँटला पुसले.

"मनवा," तो म्हणाला.

आणि ती आली.