वामनरावांच्या दाराची कडी

सुहासिनी, चहा राहू दे. बस इथं. या घरात बाई जरा टेकली की कुणाला तरी तहान लागते.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. पौषातली अवस. आमचा शेजारी दिवाकर इथंच झाशीत रेल्वेचा कॉलमॅन होता. रात्री ड्रायव्हरच्या क्वार्टरवर जायचं, कडी वाजवायची, ड्यूटी लागल्याचं सांगायचं, एवढंच काम. पण रीत अशी, की ड्रायव्हर उठायचाच नाही. उठायची बायको. आतूनच ‘हो भैया’ म्हणायची, शेगडी पेटवायची, डबा भरायची आणि चहा झाला की मग साहेबांना हलवायची.

वामनराव ड्रायव्हरांची अनुसूया लग्नापासून अशी उठत आली. दिवसा पडायची सोय नव्हती, घरात सासू जागी. पुढे पुढे तिचा डोळाच लागेना. डॉक्टर म्हणाले, हिला झोप हवी. सासू म्हणाली, बाईच्या जातीला कसली आलीय झोप. झुरून झुरून गेली बिचारी. वर्षाच्या आत वामनरावांनी दुसरी आणली. डबा कोण भरणार?

ही स्नेहलता. कोवळी पोर, त्यात दिवस गेलेले. चक्कर येऊन दोनदा शेगडीपाशी पडली. डॉक्टरांनी सांगितलं, झोप मिळाली नाही तर मूलही जाईल आणि ही पण. सासूचं उत्तर तेच.

त्या अवसेच्या रात्री मऊरानीपूरकडच्या मालगाडीला वामनराव हवे होते. दिवाकर गेला. कडी आपटली.

कडीचा आवाजच नाही.

पुन्हा आपटली. नाही... अंधारात चाचपलं. कडीला काहीतरी मऊ गुंडाळलेलं.

मग आतून, अगदी दाराशी...

‘पोर आत्ता निजलीय, भैया. वाजवू नका.’

दिवाकरनं तो आवाज वर्षानुवर्षं ऐकलेला.

‘अनुसूयावहिनी...?’

आत वामनराव घोरत होते.

“काका, मज़ाक मत कीजिए.”

मजाक नव्हे, मधुसूदन. मला या गोष्टीत कधी हसू आलं नाही रे.

दिवाकर पळाला तो थेट माझ्या दारात. उजाडल्यावर दोघं गेलो. गाडी चुकली म्हणून वामनराव अंगणात ओरडत होते. ऊन घरात आलं होतं आणि स्नेहलता अजून गाढ झोपलेली. सासू दंड धरून हलवत होती, तरी उठेना. इतकी शांत झोपलेली बाई मी त्या क्वार्टरात प्रथमच पाहिली.

दिवाकरनं रात्री ऐकलेलं सांगितलं, कडी दाखवली, आणि वामनराव त्यानंतर व्हरांड्यात खाट टाकून झोपायला लागले. कॉल आपला आपण घ्यायचे, चहासुद्धा आपला आपण. शहाणपण नव्हे, भीती. स्नेहलता मात्र सुखरूप बाळंत झाली.

कडीला काय होतं म्हणता? हिरवी चिंधी. लुगड्याची, जरीच्या काठासकट. नीट गाठ मारलेली.

अनुसूयेला आम्ही सवाष्ण म्हणून हिरवं लुगडं नेसवून नेलं होतं. खांदा मी दिलाय.

ते लुगडं माझ्यासमोर जळालं.