संध्याकाळी झोपणारा कॅमेरा

“गेला! आजपण गेला!”

मिथुनच्या ओरडण्यानं ओसरीवरची मांजर टुणकन उडी मारून पळाली. मिथुनच्या हातात इंदुआजींचा मोबाइल होता. पडद्यावर तीन चौकोन होते. एकात फाटक दिसत होतं, दुसऱ्यात पुढचं अंगण. तिसरा चौकोन मात्र काळाकुट्ट! त्याखाली नुसतं ‘कॅमेरा ऑफलाइन’ असं लिहून आलेलं.

“शेळ्यांचाच ना?” साक्षीनं विचारलं.

“मग! रोज संध्याकाळी त्यालेच झोप येते!”

साक्षी आठवीत आणि तिचा भाऊ मिथुन पाचवीत. दोघं ऊर्जानगरला राहायची, कारण बाबा तिथल्या वीजकेंद्रात कामाला होते. दिवाळीची सुट्टी लागली की रेल्वेनं वडशाला उतरायचं आणि तिथून मामाच्या गावाला, आंबेटोल्याला जायचं, हे ठरलेलंच. तिथं मामेबहीण दिव्यानी वाट बघतच असायची. ती सातवीत होती आणि साक्षीपेक्षा वर्षानं लहान असूनही तिच्यावर हुकूम गाजवायची.

इंदुआजी मामाच्या शेजारच्या. सगळा जन्म गावची अंगणवाडी चालवण्यात गेलेला. आता निवृत्त होऊन एकट्या राहायच्या. सोबतीला होत्या शेळ्या. गाव जंगलाला अगदी चिकटून, म्हणून त्यांचा मुलगा राजदीप उन्हाळ्यात नागपूरहून आला होता आणि त्यानं गोपाल दुकानदाराकडून घरात वाय-फाय अन् कॅमेरे बसवून घेतले होते. म्हणजे आई काय करतेय, शेळ्या सुखरूप आहेत ना, हे त्याला तिकडून मोबाइलवर दिसेल.

तेवढ्यात मोबाइल वाजलाच. राजदीपमामाचा फोन! मिथुननं आजींकडे दिला, पण आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

“आई, परत बटन बंद केली काय?”

“मी हात बी नाई लावला बापा!”

“मंग आपोआप बंद होते काय? गोपालनं येऊन सगळं तपासलं ना? तो म्हणते, मशीन चांगली आहे. तूच संध्याकाळी बटन बंद करतेस, सकाळी चालू करतेस अन् विसरून जातेस.”

आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

“हे पाय आई, मी रविवारी येऊन राह्यलो. तुले इकडंच घेऊन येतो. इथल्या डॉक्टरलेही दाखवू. शेळ्या देऊन टाक कोणाले तरी.”

फोन ठेवून आजी पाटावर बसल्या. शेळ्या गोठ्यात बांधून झाल्या होत्या, मागचं दार लावून झालं होतं. बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींपुढं मेणबत्ती जळत होती. आजी तिच्याकडे बघत म्हणाल्या, “पोरीहो, खरंच मीच बंद करत असीन काय? अन् मलेच आठवत नसंन?”

“काहीतरीच काय आजी!” दिव्यानी म्हणाली.

“नाई व. माणसाले आपलं विसरणं कसं समजंल? आता तं मी रोज रात्री झोपाच्या आधी अंगणवाडीतल्या पहिल्या वर्षीच्या पोराईचे नावं घेऊन पायते. येतात सगळे. पण मंग वाटते, एखादं सुटलं असंन तं तेही मले कसं समजंल?”

इंदुआजी म्हणजे गावातल्या प्रत्येकाला नावानिशी ओळखणारी बाई. तिनं स्वतःवरच संशय घ्यावा, याचा साक्षीला भयंकर राग आला. राग नेमका कुणाचा, ते मात्र तिला कळत नव्हतं.

“आजी, आपण शोधून काढू,” ती म्हणाली. “रविवारच्या आत!”

दुसऱ्या दिवशी तिघांनी घराची पाहणी केली. इंटरनेटची तार समोरच्या खोलीत येत होती. तिथं वाय-फायची पांढरी मोठी डबी होती. तशीच एक डबी स्वयंपाकघरात, चुलीपासून जरा दूर, जमिनीजवळच्या प्लगला लावलेली. तिच्यापुढं मागचं दार, दाराबाहेर परस आणि परसात शेळ्यांचा गोठा. काळा चौकोन दाखवणारा कॅमेरा त्या गोठ्याच्या खांबावर होता.

“दोन डब्या कायले?” मिथुननं विचारलं.

“याला मेश वाय-फाय म्हणतात,” साक्षी म्हणाली. “आग लागली की विहिरीपासून माणसं रांगेनं उभी राहून बादल्या पुढं देतात ना, तसं. पहिली डबी दुसरीला देते, दुसरी कॅमेऱ्याला.”

“मंग संध्याकाळी कोणीतरी बादली सांडवते!”

“अगदी बरोबर! कोण सांडवतं, तेच बघायचंय.”

“वानर असंन,” मिथुन लगेच म्हणाला. “तार चावत असंन.”

“रोज एकाच टायमाले? अन् सकाळी येऊन तार जोडून जाते काय, तुया वानर?” दिव्यानीनं त्याला उडवून लावलं.

साक्षीनं आधी आजींवरचा आरोप हाती घेतला. तिनं चिकटपट्टी आणली. स्वयंपाकघरातल्या डबीच्या, भिंतीवरच्या बटनावर एक पट्टी लावली आणि गोठ्यातल्या कॅमेऱ्याच्या बटनावर दुसरी. कुणी बटन दाबलं की पट्टी निघालीच पाहिजे!

“अन् कोणी नवी पट्टी लावली तं?” मिथुनचा मेंदू आता जोरात चालू लागला होता. त्यानं पेन काढून दोन्ही पट्ट्यांवर मिशीवाल्या वाघाचं तोंड काढलं. “आता लावून दाखवा म्हणा! असा वाघ कोणालेच जमत नाई.”

“असा वाघ कोणी पाह्यलाच नाई,” दिव्यानी म्हणाली.

संध्याकाळ झाली. शेळ्या आल्या, दार लागलं. तिघांची डोकी मोबाइलवर एकत्र आली आणि तिसरा चौकोन काळा झाला!

साक्षी स्वयंपाकघरात धावली. पट्टीवरचा वाघ मिशांसकट जागच्या जागी होता. आणि डबीचा पांढरा दिवाही मजेत जळत होता.

“आजी! इकडं या! बघा, पट्टी आहे तशी आहे. डबी चालू आहे. तुम्ही बटनाला हात लावलेला नाही!”

आजी वाकल्या. चष्मा पुसून पुन्हा वाकल्या. मग पट्टीवरून हलकेच बोट फिरवत म्हणाल्या, “मंग मी नाई.”

“तुम्ही नाहीच!”

“मी नाई,” आजी पुन्हा म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपले. त्या रात्री त्यांनी तिघांना गूळ घातलेले तांदळाचे अनरसे पोटभर खायला घातले.

दुसरी पट्टी सकाळी पाहिली. तीही शाबूत होती. आणि आजींनी मागचं दार उघडून शेळ्या बाहेर सोडल्या, तोवर कॅमेरा आपोआप जागाही झाला होता!

पण पट्ट्या दाखवून राजदीपमामाचं समाधान झालं नसतं. तो म्हणाला असता, पोरांनीच चिकटवल्या. खरं कारण सापडायला हवं होतं. रविवार तर उद्यावर आला होता. आजींनी हातात पिशवी घेतली होती आणि त्या एकेक लुगडं घडी घालून तिच्यात ठेवत होत्या.

“आमचे बाबा म्हणतात,” साक्षी ओसरीवर येरझाऱ्या घालत म्हणाली, “वीजकेंद्रात काही बंद पडलं, की पहिला प्रश्न एकच. आधी चालत होतं ना? मग तेव्हापासून काय बदललं? आजी, उन्हाळ्यात हा कॅमेरा संध्याकाळी चालायचा?”

“चालाचा ना! राजदीप तिकडून म्हणाचा, आई, पिल्लू दूध पिऊन राह्यलं.”

“मग काय बदललं?”

“काईच नाई व. डब्या तिथंच, कॅमेरा तिथंच.”

“डब्यांचं नाही आजी. घरात. घरात काय नवं केलं?”

आजींनी आठवून आठवून सांगितलं. चूल सारवली. शेळीला दोन पिल्लं झाली. पावसाळ्यात बिबट्यानं लटारूभाऊचं कुत्रं उचलून नेलं, तेव्हा भीती वाटली, म्हणून मागच्या दाराला...

आजी बोलता बोलता थांबल्या. तिघांनी एकदमच मागच्या दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं, गावातल्या सगळ्या दारांसारखं. दिवसा इथं दार लावतंच कोण? साक्षीनं ते पुढं ओढलं. जुन्या फळ्यांच्या दारावर वरपासून खालपर्यंत नवा कोरा पत्रा ठोकलेला होता.

“मिथुन, आजींचा मोबाइल घे आणि गोठ्यात पळ!”

“मीच काऊन? ते मोठी शेळी मले मारते!”

“पळ म्हणते ना!”

मिथुन पळाला. साक्षीनं त्याला वाय-फायच्या रेघा मोजायला सांगितल्या होत्या. बाहेरून त्याचा आवाज आला, “तीन आहेत!”

भर दुपारी, लख्ख उन्हात, दिव्यानीनं दार लोटलं आणि कडी घातली.

“दोन!” बारीक आवाज आला. “एक! गेलं! साक्षीताई, गेलं! आईऽऽ! शेळी पण आली!”

दार उघडलं.

“आलं! तीन! शेळी माया सदरा खाऊन राह्यली!”

मग मोबाइल आत आणून त्यांनी दार पाच-सहा वेळा लावलं आणि उघडलं. आजींच्या मोबाइलवरचा चौकोनही दरवेळी जरा वेळानं काळा व्हायचा आणि जरा वेळानं जागा व्हायचा. दिव्यानी तर नाचायलाच लागली. “दिवसाढवळ्या झोपला! दिवसाढवळ्या!”

मागची भिंत जुन्या मातीची, चांगली हातभर जाड. तिच्यातून वाय-फाय जेमतेम जायचं. उघड्या दारातून मात्र सरळ परसात. आता दाराला पत्रा होता आणि पत्र्यातून वाय-फाय काही केल्या जात नव्हतं. बिबट्या येऊ नये म्हणून ठोकलेल्या पत्र्यानं, बिबट्या दिसावा म्हणून लावलेला कॅमेरा आंधळा केला होता!

“मंग गोपालभाऊले काऊन नाई समजलं?” मिथुननं फाटका सदरा सावरत विचारलं.

“कारण गोपालभाऊ दरवेळी दिवसा आला,” साक्षी म्हणाली. “दार उघडं, कॅमेरा चालू. मग नाव आजींचं!”

रविवारी राजदीपमामा आला. त्यानं येताना गोपालभाऊलाही बोलावून घेतलं होतं. गोपालभाऊ याच गावचा, आता वडशाला वाय-फाय आणि कॅमेऱ्यांचं दुकान चालवायचा. त्यानं पुढच्या खोलीतूनच मोबाइल दाखवला. “हे पाय राजदीपभाऊ, तिन्ही चालू. मशीनमध्ये काईच खराबी नाई. म्हातारपणी होते असं. आमच्या बुढीलेही काईच ध्यानात राहत नाई.”

आजींची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. आजी तिच्या बंदांशी चाळा करत उभ्या होत्या.

“गोपालभाऊ,” साक्षी अगदी साळसूदपणे म्हणाली, “मागचं दार जरा लावता का? कोंबड्या आत येऊन राह्यल्या.”

“हे काय, लावतो ना!” गोपालभाऊनं जाऊन दार लावलं, कडी घातली आणि हात झटकत परत आला.

“आता मोबाइल बघा.”

गोपालभाऊनं पाहिलं. राजदीपमामानं आपला मोबाइल काढून पाहिलं. तिसरा चौकोन काळा!

“हे कसं काय?” गोपालभाऊ म्हणाला.

“आता तुमी बटन बंद केली अन् विसरून गेले!” मिथुन ओरडला.

दिव्यानीनं त्याला चिमटा काढला, पण तिलाही हसू आवरत नव्हतं. मग साक्षीनं सगळं सांगितलं. मिशीवाले वाघ, पत्रा, गोठ्यातल्या रेघा. राजदीपमामानं स्वतः दार उघडून-लावून खात्री केली. गोपालभाऊचा चेहरा पडला.

“पत्रा काढून टाकू मंग,” तो पुटपुटला.

“अन् बिबट्याले काय तू अडवशीन?” आजी पहिल्यांदाच बोलल्या.

“पत्रा राहू द्या, डबी हलवा!” दिव्यानी म्हणाली. चुलीच्या वर, छपराखाली, धूर जायला एक झरोका होता. त्याला लाकडाचे गज होते आणि तो थेट परसात उघडत होता. “खाली जिथं प्लग दिसला, तिथंच तुमी डबी खोचली गोपालभाऊ. तिथं वर ठेवून पाहा. धूर लागणार नाही अशी बाजूला फळी ठोका.”

गोपालभाऊ मुकाट्यानं स्टुलावर चढला. फळी ठोकली, लांब वायरचा बोर्ड आणला, डबी वर बसवली. साक्षीनं स्वतः दाराची कडी घातली. सगळे मोबाइलकडे बघत राहिले. काळा चौकोन काळाच राहिला, राहिला, आणि मग त्यात मोठी शेळी दिसली! ती मिथुनच्या सदऱ्याची बाही चघळत होती.

“चालू!” तिघं एकदम ओरडली.

राजदीपमामानं मोबाइल खिशात ठेवला. मग आईजवळ जाऊन म्हणाला, “आई, मी तुयं ऐकाले पायजे होतं. डॉक्टरचा नंबर पण लावून ठेवला होता मी. चुकलो.”

“चुकला तं चुकला,” आजी म्हणाल्या. “पण बापा, मीही तुयंच खरं मानाले लागली होती. ते लय वाईट होतं.”

राजदीपमामानं मान खाली घातली. मग साक्षी-दिव्यानीकडे वळून म्हणाला, “मी इंजिनिअर आहो, हा दुकानदार आहे, अन् दार लावून पाहाचं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाई. शाबास पोरीहो!”

“अन् मी?” मिथुन म्हणाला. “शेळीचा मार कोणी खाल्ला?”

सगळे हसले. गोपालभाऊ मात्र सामान गोळा करून हळूच सटकायच्या बेतात होता.

“थांब रे गोपाल,” आजींनी हाक मारली. “चहा घेऊन जा. अंगणवाडीत तू खिचडीतले वाटाणे खिशात भरून घरी नेत होता, आठवते? तुया लंगड्या कोंबडीसाठी. तुया माय मले विचारे, बाई, याच्या चड्डीचे खिसे रोज पिवळे कसे होतात?”

गोपालभाऊ दारातच थबकला. “लंगडी कोंबडी? माया ध्यानातच नाई, आजी!”

“राणी नाव होतं तिचं,” आजी म्हणाल्या आणि चहाला आधण ठेवायला आत गेल्या.

आत गेल्यावर त्यांनी पिशवीतली लुगडी काढून पुन्हा पेटीत ठेवली. साक्षी भिंतीवरच्या खालच्या बटनावरची चिकटपट्टी काढायला वाकली, तसा आजींनी तिचा हात धरला.

“ते राहू दे व,” त्या म्हणाल्या. “त्या वाघाले तिथंच राहू दे.”