बत्तीसातले दोन

"यातले दोन जीबी कुठं गेले?" सरूने मोबाइल काउंटरवर ठेवला.

रोहा स्टेशनजवळच्या त्या दुकानात ती पहिल्यांदाच शिरली होती. धोंडुबाई आत्याने गायलेले लग्नातले धवले रेकॉर्ड करता करता जुनं मेमरी कार्ड भरलं, म्हणून तिथंच नवं घेतलं आणि लगेच मोबाइलमध्ये घालून पाहिलं. पाकिटावर बत्तीस, मोबाइलमध्ये एकोणतीस पूर्णांक आठ. सरू पेणच्या मिठागरवाल्याची मुलगी. धरमतरच्या व्यापाऱ्याने जरा मोठी टोपली आणली तर लांबून ओळखणारी. इथंही कुणीतरी वरची शीग उतरवून घेतली, हे तिने ठरवूनच टाकलं. आणि तो कुणीतरी समोर उभा होता... कुरळ्या केसांचा, पुंडलिक नावाचा.

तो कार्डाकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत होता. हेही तिला खटकलं.

"पूर्ण भरून तपासावं लागेल... गुरुवारी या."

"गुरुवारी एकोणतीसचे सत्तावीस झाले तर?"

"मग मला धरा," तो हळूच म्हणाला.

गुरुवारी ती पेणहून गाडीने गेली. "अजून निम्मंच भरलंय—" सोमवारी गेली, तर वेलदोड्याचा चहा आला. फुकट चहा पाजणारा माणूस काहीतरी लपवत असतो, असा तिचा अनुभव. चहा मात्र तिने मिठागराच्या गोष्टी सांगत संपवला. त्याचा शर्ट नवा होता, तेही ध्यानात ठेवलं.

पेणला येऊन तिने मैत्रिणीचं, शांतीचं कार्ड पाहिलं. दुसऱ्या दुकानातलं, बत्तीसचं. तिथंही एकोणतीस पूर्णांक आठ.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा काउंटरपुढे.

"सगळ्यांचं एवढंच भरतं?"

"व्हय. कंपनी हजाराने मोजते, मोबाइल एक हजार चोवीसने. तुमच्याकडं नाय का, मीठ तेवढंच, पण टोपली मोठी लावली की आकडा कमी येतो?"

हे तिला लगेच पटलं. पटलं, म्हणूनच तिचे डोळे बारीक झाले.

"हे पहिल्या दिवशी ठाऊक होतं?"

"...होतं."

"मग तीन खेपा कशाला घालायला लावल्या?"

"तेव्हाच सांगितलं असतं, तर तुम्ही परत आला असता?"

त्याचे कान लाल झाले होते. चोर तर तो होताच. मुद्देमाल तेवढा तिने चुकीचा धरला होता.

"आता तुम्ही पेणला यायचं. तीन रविवार, एकटं. खरं किती बोलता, बघते."

"आणि मग?"

ती दारापर्यंत गेली, थांबली.

"चौथ्या रविवारी आईला आणा... तिला आधी सगळं खरं सांगून."