चाकांवरची मोरी

मी सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आचऱ्याच्या तिठ्यावर मी वाघाला विडी पेटवून दिली होती, ते तुम्ही मुकाट मानलंत. पण मालवणात एक अख्खं घर चाकांवर बसून आलं आणि त्या घराची मोरी तुंबली म्हणून माझं लग्न झालं, असं म्हटलं की लोक डोळे बारीक करतात. करा बारीक. मी आपलं सांगतो.

मागच्या पडवीत आमची ही रगड्यावर खोबऱ्याचं वाटप वाटते आहे. घर्र... घर्र... तो आवाज चालू आहे तोवर मी खरं बोलतो आहे असं समजायला हरकत नाही.

साल साठ. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता, आणि त्यापायी आमच्या किनाऱ्यावर कोणाचा कोणावर भरवसा उरला नव्हता. होडीतून उतरलेल्या माणसाची चाल जरा जड दिसली, की कमरेला चोरटं सोनं आहे म्हणत. अशात एका जुनाट जीपमागून डुलत डुलत ते घर आलं. हिरवा रंग, पत्र्याची पाठ, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. चिवल्याच्या किनाऱ्याला सुरूच्या सावलीत ते रेवेवर उभं राहिलं, आणि अर्ध्या तासात सगळं मालवण सुरूंच्या मागे उभं राहिलं.

घराचे मालक हरिश्चंद्र. त्यांना सगळे भाई म्हणत. मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात फोरमन होते, नुकतेच निवृत्त झालेले. घर त्यांनी स्वतः दोन वर्षं खपून बांधलेलं, आणि त्यात ते आणि त्यांची लेक विमला, दोघंच. ही झाली त्यांची बाजू. चहावाल्या धोंडूने त्याच संध्याकाळी दुसरी मांडली.

“डावां चाक बघलंस? वीतभर रेवेत रुतलां. ता काय भांड्यांचा वजन नाय.”

दुसऱ्या दिवशी भाई बाजारात विचारत आले, मोरी दुरुस्त करणारा कोणी आहे का. नळाचा पाना अख्ख्या बाजारात माझ्याकडेच होता, त्यामुळे सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली. मी निघालो तसा धोंडू कानाशी आला. मोरी उगाच तुंबत नाही, म्हणाला, नळीत सोन्याची बिस्किटं असणार, नीट बघून ये. म्हणजे मी गेलो तो अर्धा मेस्त्री आणि अर्धा हेर.

दार तिने उघडलं.

हातात ओला पेला, कपाळावर चिकटलेली एक बट, मागे समुद्राचा उजेड... आणि डोळ्यांत नुसता संशय. इतक्या सुंदर डोळ्यांत इतका संशय मी त्याआधी पाहिला नव्हता. तिने मला पिशवी उघडायला लावली. पाना, तार, सुतळी, फडकं. एकेक वस्तू बघून ती म्हणाली,

“आत नेताना दाखवलीत, तशीच बाहेर नेतानाही दाखवायची.”

“आणि काही जास्त निघालं तर?”

“तर ते इथलं असेल.”

“आणि कमी निघालं तर?”

तिने पिशवी परत माझ्या हातात दिली. “तर ते तुम्ही विसरला असाल. त्यासाठी परत यायची गरज नाही, मेस्त्री.”

आत परातीएवढी पांढरी मोरी होती, काठापर्यंत भरलेली, वर तेलाचा तवंग. तिच्या पोटातून एक वाकडी नळी निघून गाडीच्या तळाखालून थेट उजव्या बाजूला जात होती. तिथे बाहेर बादली. मी वाकडा भाग सोडवला आणि दोष तिथेच हाताला लागला. मुंबईला ही माणसं साबणाने भांडी घासायची, पण कोकणात पाय पडताच भाईंनी फर्मान काढलं होतं, की भांडी विमलाच्या आईसारखी घासायची, राख आणि काथ्याने. परसात केळीच्या बुडाशी तशी घासली तर केळ पोसते. अंगठ्याएवढ्या नळीत तशी घासली की राख आणि खोबऱ्याचं तेल मिळून सिमिट होतं. मी तारेने घोड्याच्या शेपटीएवढा काथ्या ओढून काढला, आणि त्याच्या टोकाला एक जिवंत सुंगट, म्हणजे कोळंबी. त्याने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि खिडकीतून समुद्रात...

रगडा थांबला.

बरं, मेलेलं सुंगट. नुसतं टरफल.

घर्र... घर्र...

नळी साफ झाली, तरी पाणी रेंगाळतच होतं. मग माझ्या लक्षात आलं. नळी उजवीकडे उतरायला हवी, आणि गाडी तर डावीकडे कललेली. भरती सोडली तर पाणी चढण चढत नाही. डावीकडे एवढं जड काय आहे, म्हणून मी वाकून पाहिलं. बाकड्याखाली एक लांबरुंद पेटी होती, पितळी कुलूप लावलेली.

“तिथे हात लावायचा नाही,” ती म्हणाली.

मला धोंडू आठवला. मला काहीतरी आठवलं, हे तिला दिसलं. तेवढ्या जागेत आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे होतो, आणि मोरीतलं पाणी थेंबाथेंबाने खाली जात होतं.

शेवटी भाईंच्या जॅकने मी डावं चाक उचललं आणि खाली जांभ्या दगडाचा अर्धा चिरा सारला. मोरीने एक घोट घेतला, ढेकर दिली, आणि क्षणात रिकामी झाली. भाई खूश. म्हणाले, छान, मोरी वाहिली, उद्या विजयदुर्गाला निघू.

उद्या. त्या शब्दाने माझ्या छातीत काय झालं ते कुठल्या पान्याने सुटणारं नव्हतं. विमला रिकाम्या मोरीकडे बघत राहिली... आणि पिशवी तपासायची मात्र विसरली.

संध्याकाळी मी सहज चिवल्याकडे गेलो होतो. हातात करवंटी होती. शंख वेचायला.

रगड्याचा आवाज जरा मंदावलाय. वाटप बारीक होत आलं असेल.

सकाळी भाई पुन्हा माझ्या दारात. पाणी तुंबलं होतं, गाडी पुन्हा कललेली. मी जाऊन बघतो, तर चाकाला टेकवून ठेवलेला अर्धा चिरा... म्हणजे चाकाखाली असलेला अर्धा चिरा, जागेवर नव्हता. रेव चाळली, सुरूंमागे शोधलं. नाही म्हणजे नाही. तो चिरा कुठे गेला हे मला आजतागायत कळलेलं नाही. तेव्हा मी भाईंवर संशय घेतला. ज्याच्याकडे लपवण्यासारखं आहे त्यालाच असे चाळे सुचतात, असं मनाला सांगितलं. चिऱ्यांच्या मुलखात दुसरा चिरा मिळाला नसता असं नाही. पण मला आधी नळी तपासणं योग्य वाटलं. अख्खा दिवस.

त्या दिवशी पिशवीत पाना, तार, सुतळी आणि तळाशी केळीच्या पानात एक पुडी होती. विमलाने ती सोडली. अबोलीचा वळेसर, केसांत माळतात तो.

“हा कुठल्या नळीला लागतो?”

“देवीला वाहायचा होता. सातेरीला.”

“देऊळ तिकडे आहे.”

“हो... पण वाटेत मोरी लागली.”

ती हसली नाही. ओठ मात्र दातांखाली गेला. चौकशी पुरी होईपर्यंत हा इथेच राहील, असं सांगून तिने वळेसर जप्त केला आणि पडद्याआड गेली. मग दिवसभर मी नळी सोडवत होतो, जोडत होतो, आणि ती दिवा धरत होती, भर उन्हात. बोलता बोलता कळलं, की तिची आई देवबागची. हे घर भाईंनी तिच्यासाठी बांधायला घेतलं होतं, सगळा किनारा फिरवून आणायला. घर पुरं झालं त्याच्या आधीच ती गेली. हे सांगताना विमलाची नजर त्या पेटीवर गेली. माझीही गेली. लगेच तिने दिवा फुंकला.

तिसऱ्या दिवशी भाई दारातच उभे होते, हातात फूटपट्टी घेऊन. धोंडूची बिस्किटं बाजार फिरून त्यांच्या कानावर आली होती.

“मेस्त्री, तुम्ही आल्यापासून माझी मोरी तुंबते आहे आणि गावभर माझं सोनं झालं आहे. आज वाहिली तर आम्ही निघतो. नाही वाहिली तरी निघतो. फक्त मग तुमचं नाव मी चोर म्हणून लक्षात ठेवीन.”

मी विमलाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, पहिल्या दिवशी बघत होती तशीच. मोरी वाहिली तरी ती जाणार. नाही वाहिली तरी जाणार, आणि शिवाय हा माणूस चोर होता असं मनात घेऊन जाणार. मी मोरीखाली गुडघे टेकले. वाकडी नळी सोडवली, तार घातली, ओढली... आणि तारेच्या टोकाला काय आलं म्हणता? मूठभर काथ्या, आणि त्यात गुंतलेली अबोलीची फुलं. माझी फुलं! मी ती तळहातावर धरली. विमलाने मान खाली घातली, पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरली आणि हळूच म्हणाली, की मोरी तुंबली नसती तर तुम्ही परत आला नसतात...

रगडा थांबला. थांबू दे. नारळ संपला असेल.

भाई आता आम्हां दोघांकडेही संशयाने बघायला लागले. मग विमलाने खुंटीवरची किल्ली काढली आणि पेटी उघडली.

आत एक रगडा होता. काळाभोर, वापरून वापरून पोट गुळगुळीत झालेला. शेजारी हिरव्या लुगड्यात बांधलेलं एक गाठोडं. मी वाकलो तशी ती म्हणाली, ते आईचं लुगडं आहे, त्याला हात लावू नका. मी कशाला लावतो? भाई पेटीच्या काठावर बसले. लग्नात तिने हा देवबागेहून मुंबईला नेला होता, म्हणाले. गावी जाईन तेव्हा हाही माझ्याबरोबर जाईल, असं म्हणायची. ती येऊ शकली नाही, म्हटलं, तिचा रगडा तरी येऊ दे.

मी आणि भाईंनी तो उचलून खाली रेवेवर ठेवला. गाडीने डाव्या अंगाला सुस्कारा सोडला, जराशी वर आली, आणि आत मोरीतलं पाणी आपणहून घटाघटा निघून गेलं. सुरूंमागचं मालवण ते सोनं बघून आल्या वाटेने परतलं.

भाईंनी रगड्यावरून हात फिरवला. हा आता परत न्यायचा नाही, म्हणाले. हा घरी आला. पण ठेवायचा कोणाकडे?

मला बोलायचं होतं. पण मी आपला पाना फडक्याने पुसत बसलो. बोलली ती.

“ज्याच्याकडे राहील त्याच्याकडे वाटायलाही कोणीतरी लागेल, भाई.” मग माझ्याकडे वळली. “पिशवी दाखवा, मेस्त्री. आज इथून काहीतरी जास्त जाणार आहे.”

भाईंनी फूटपट्टी खिशात ठेवली. पंधरा दिवसांनी विजयदुर्गाला ते एकटेच गेले, आणि गाडी कुठेही कलली नाही. अशी ही गोष्ट. मी कुठे गेलो नव्हतो, मला बोलावलं होतं, तेही नळीत फुलं घालून...

पडवीच्या दारात ही उभी आहे. कोपरापर्यंत हात खोबऱ्याने पांढरे. घरात एरवी मालवणीच चालते, पण रागावली की हिच्या तोंडी अजून मुंबईची मराठी येते.

“फुलं नळीत नव्हतीच, मेस्त्री. ती माझ्या केसांत होती. तुम्हाला मान वर करून बघायचा धीर नव्हता. आणि करवंटीने रेव उपसून चाकाखालचा चिरा कोणी काढला, ते मी खिडकीतून बघितलं होतं.”

मी म्हटलं, मग भाईंना तेव्हाच का नाही सांगितलंस?

“सांगते काय? तुमची पाठ वळताच मी खाली उतरले. तुमचा चिरा आईच्या लुगड्यात होता.”